पहिली दोन मिनिटे : विद्यार्थी चित्रपटाच्या सुरुवातीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात विद्यार्थ्यांच्या लघुपटांविषयी थोडेसे लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची निघाली : चित्रपटाची सुरुवात, म्हणजे शीर्षके आणि पहिला प्रसंग, कशी आखावी, आणि ती चित्रित करताना कोणाला इजा होऊ नये म्हणून काय करावे. त्यांपैकी सहा पत्रे, थोडी संक्षिप्त करून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी पुण्यात शिकते. आमच्या शाळेत केंब्रिजचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे आणि मीडिया स्टडीज या विषयासाठी एका नव्या काल्पनिक चित्रपटाची शीर्षके व सुरुवात जास्तीत जास्त दोन मिनिटांत करून द्यायची आहे. आमची सुरुवात अशी आहे : पहाटे एक मुलगी रेल्वेच्या रुळांमधून चालत येते, मागून गाडीचा दिवा दिसू लागतो, ती थांबते पण वळून पाहत नाही, आणि शीर्षक येते. शहराबाहेरच्या एका लहान स्टेशनापलीकडे पहाटे कोणी नसते आणि गावातले लोक रोज रूळ ओलांडतात. दहा मिनिटांत काम होईल असे मित्र म्हणतात. सरांनी धोक्यांचा लेखी तक्ता मागितला आहे. त्यात काय लिहू?

उत्तर : त्या तक्त्यात रुळांवरच्या शॉटसमोर एकच शब्द लिहा : रद्द. तुमची कल्पना मला आवडली नाही असे मुळीच नाही. वळून न पाहणारी मुलगी ही फार चांगली सुरुवात आहे, आणि ती नीट व्हावी म्हणूनच रूळ सोडायला सांगतो आहे.

गावातले लोक रूळ ओलांडतात ते काही सेकंदांत आणि दोन्हीकडे पाहून. तुम्ही तिथे अर्धा-पाऊण तास असणार. तुमच्या अभिनेत्रीची पाठ गाडीकडे असणार आणि बाकी सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यात असणार. वेगात असलेल्या गाडीला ब्रेक लावल्यानंतरही थांबायला कित्येकशे मीटर लागतात, म्हणजे चालकाने तुम्हाला पाहिले तरी त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते आणि ती प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही तरी जवळ आलेल्या वस्तूवर झेप घेऊ शकते. माइकची लांब दांडी उंच धरणाऱ्या मुलाला हे माहीत नसते. शिवाय रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

अनुभवी माणसे बरोबर असली म्हणजे धोका टळतो असेही नाही. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका व्यावसायिक चित्रपटाचे पथक नदीवरच्या रेल्वेपुलावर गेले आणि त्यांनी रुळांवर लोखंडी खाट ठेवून चित्रीकरण सुरू केले. रुळांवर चित्रीकरण करायला मालगाड्या चालवणाऱ्या कंपनीने नकार दिलेला होता. गाडी आली तेव्हा पुलावरून बाजूला व्हायला जागा नव्हती. सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा सहायक त्यात गेली आणि इतर अनेक जण जखमी झाले. दिग्दर्शकाने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला व तो तुरुंगात गेला. त्या पथकात वर्षानुवर्षे काम केलेली माणसे होती, तरी "आता गाडी येणार नाही" या समजुतीवर सगळे पुलावर गेले. तुमच्या मित्रांचे "दहा मिनिटांत होईल" हे वाक्य त्याच जातीचे आहे.

रेल्वेच्या परवानगीने चित्रीकरण होते, पण त्यासाठी अर्ज, शुल्क आणि जागेवर रेल्वेचे कर्मचारी लागतात. शाळेच्या गटाला ते झेपणारे नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही, कारण तुमच्या प्रसंगात गाडी कुठेच दिसत नाही. दिसतो तो दिवा, आणि तो मुलीच्या खांद्यामागे. म्हणून प्रसंगाचे तुकडे करा. पावलांच्या क्लोजअपसाठी जवळच्या बांधकामावरून दोन घमेली खडी मागून आणा, ती अंगणात पसरा आणि कडेला गंजाच्या रंगात रंगवलेली एक लाकडी पट्टी ठेवा; कॅमेरा जमिनीलगत असेल तर प्रेक्षकाला उरलेला रूळ आपोआप दिसतो. चेहऱ्याचा शॉट काळोख्या पार्श्वभूमीवर घ्या. मागे वीस फुटांवर एका मित्राला टॉर्च घेऊन उभे करा, फोकस फक्त चेहऱ्यावर ठेवा आणि मित्राला सावकाश पुढे यायला सांगा : विरघळलेल्या प्रकाशाचे वर्तुळ मोठे होत जाईल. केस उडवायला टेबलफॅन किंवा थर्माकोलची शीट पुरते. धूळ मात्र उडवू नका, ती डोळ्यांत जाते. गच्चीवर करणार असाल तर कठड्यापासून दहा फूट आत खडूची रेघ मारा आणि कॅमेरा घेऊन उलटे चालणाऱ्याच्या पाठीशी एक जण हात लावून उभा राहू द्या.

गाडी शेजारून निघून जाते असे दाखवायचे असेल तर पुठ्ठ्याला खिडक्यांसारखे चौकोन कापून तो दिव्यासमोरून ओढतात. हे मी एका वसतिगृहाच्या खोलीत दोन मुलींना करताना पाहिले आहे. पहिल्या खेपेला चेहऱ्यावरून प्रकाशाचे पट्टे इतके एकसारखे गेले की ती गाडी न वाटता खिडकीचा पडदा वाटला. मग त्यांनी नवा पुठ्ठा घेतला, चौकोनांमधली अंतरे कमीजास्त केली आणि दर काही चौकोनांनंतर दोन डब्यांमधल्या सांध्याएवढी जागा न कापता तशीच सोडली. तो पुठ्ठा ओढला तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले, कारण गाडी खरोखर गेली होती. गाडीचा आवाज मार्गाजवळ राहणाऱ्या कोणाच्या घराच्या खिडकीतून पहाटे ध्वनिमुद्रित करा. तो चढू द्या, आणि शीर्षक येते त्या क्षणी पूर्ण तोडा.

तक्त्यात हे सगळे लिहा. आधी काय करणार होतो, का सोडले आणि त्याऐवजी काय केले, हे वाचून तुमच्या सरांना तुम्ही चित्रपटाचा विचार केला आहे हे दिसेल.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरच्या महाविद्यालयातले एकांकिका करणारे विद्यार्थी आहोत आणि प्रथमच चित्रपटाच्या माध्यमात काम करत आहोत. सुरुवातीच्या प्रसंगाची संहिता सहा पानांची झाली आहे. ती दोन-तीन मिनिटांत बसत नाही आणि काय काढावे ते कळत नाही. आखणी कोठून सुरू करावी?

उत्तर : चित्रपटाच्या संहितेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. त्यामुळे सहा पाने दोन मिनिटांत बसणार नाहीत, हे वाचून दाखवण्याआधीच ठरलेले आहे. एकांकिकेत पडदा उघडल्यावर पात्रे एकमेकांना नावाने हाका मारतात, नाते सांगतात, आदल्या दिवशी काय झाले ते बोलतात, कारण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला चेहऱ्यावरचे बारीक काही दिसत नसते. कॅमेरा मात्र हातातल्या जुन्या पाकिटावर जाऊन थांबू शकतो. तुमच्या सहा पानांतले प्रत्येक वाक्य घ्या आणि ही माहिती एखादी वस्तू देऊ शकते का, असे विचारा. दाराशी काढलेल्या चपलांचे जोड किती आहेत, दिनदर्शिकेचे पान कोणत्या महिन्यावर थांबले आहे, ताटे किती वाढली आहेत आणि जेवायला बसली आहेत किती माणसे, एवढ्यावरून प्रेक्षक घर ओळखतो. मला वाटते तुमचे चार-पाच संवादच उरतील, आणि ते चांगले असतील.

सुरुवातीत चित्रपटाचा सारांश द्यायचा नसतो, आणि पुढच्या प्रसंगांतले जोरदार तुकडे जोडून जाहिरातही करायची नसते. हे जग कोणते, आपण कोणाबरोबर आहोत आणि काय बिघडले आहे किंवा बिघडणार आहे, एवढे तीन धागे प्रेक्षकाच्या हाती द्यायचे आणि तिसरा धागा अर्धवट ठेवायचा. तो अर्धवट ठेवण्याचे धैर्य नवख्या लेखकाला होत नाही आणि शेवटच्या वीस सेकंदांत एखादे पात्र सगळे सांगून टाकते. ते पात्र कोणते, हे तुम्हाला संहितेत लगेच सापडेल.

संहिता कापून झाली की शॉट डिव्हिजन करा, म्हणजे प्रसंग कोणकोणत्या शॉटमध्ये घ्यायचा याची यादी. दोन मिनिटे म्हणजे १२० सेकंद. चार-पाच सेकंदांचा सरासरी शॉट धरला तर पंचवीस ते तीस शॉट होतात. नवख्या गटाला कॅमेऱ्याची एक जागा लावून, तालीम करून, तीन-चार टेक घ्यायला अर्धा तास सहज लागतो, म्हणून एका दिवसात बारा ते चौदा जागांपेक्षा जास्त धरू नका. शॉट कथेच्या क्रमाने घेऊ नयेत. एकाच जागेवरून होणारे सगळे शॉट एकत्र घ्यावेत आणि ज्यांचा प्रकाश निसटणार आहे ते आधी घ्यावेत. मात्र क्रम मोडला की कंटिन्युइटीचा, म्हणजे एका शॉटमधले दुसऱ्यात तसेच दिसण्याचा, प्रश्न येतो, म्हणून एका माणसाने प्रत्येक टेकनंतर फोनवर फोटो काढून ठेवावा : पदर कोणत्या खांद्यावर होता, पेला किती भरलेला होता, घड्याळ कोणत्या हातात होते. दोन पात्रे समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक रेषा आहे असे समजून कॅमेरा सतत तिच्या एकाच बाजूला ठेवा. नाहीतर संकलनात दोघे एकाच दिशेला पाहत असल्यासारखे दिसतात आणि ते नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

चित्रे काढता येत नसतील तर स्टोरीबोर्डसाठी, म्हणजे शॉटच्या चित्रमालिकेसाठी, अडू नका. रेकीला, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी करायला, जाल त्या दिवशी मित्रांनाच पात्रांच्या जागी उभे करा, फोनवर प्रत्येक शॉटचा एक फोटो घ्या, ते फोटो ओळीने लावून त्यांवर स्वतःच्या आवाजात संवाद टाका आणि दोन मिनिटांची ही कच्ची फीत पाहा. कंटाळा कुठे येतो ते खर्चाचा एक रुपया होण्याआधी कळते. दादासाहेब फाळक्यांनी पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवण्याआधी कुंडीतल्या रोपाच्या वाढीची छोटी फीत तयार केली होती, ती रोज थोडे थोडे चित्रीकरण करून. लोकांनी पैसे दिले ते ती फीत पाहून. तुम्हीही आधी तुमची ही फोटोंची फीत दोन-तीन परक्या माणसांना दाखवा, आणि त्यांना पटली की मगच चित्रीकरणाची तारीख पक्की करा.

प्रश्न : माझी मुलगी नाशिकच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या गटाला एका पडक्या वाड्यात रात्री चित्रीकरण करायचे आहे. तिला अडवायचे नाही, पण रात्रभर काळजीत बसायचेही नाही. आई म्हणून मी नेमके काय विचारावे?

उत्तर : आपण विचारणार आहात हेच चांगले आहे, कारण पुष्कळ घरांत एक तर थेट नाही म्हटले जाते, किंवा मुले खोटे सांगून जातात, आणि दुसऱ्या बाबतीत ती कुठे आहेत हेच कोणाला माहीत नसते.

पहिला प्रश्न असा विचारा की तो वाडा कोणाचा आहे आणि त्या मालकाची लेखी परवानगी आहे का. "तिथे कोणी नसते" ही परवानगी नव्हे. दुसरा प्रश्न, गट तिथे दिवसा जाऊन आला आहे का. जुन्या वाड्यात माडीचे तक्ते वरून शाबूत दिसतात आणि तुळयांना वाळवी लागलेली असते; तिघे जण आणि ट्रायपॉड एका जागी उभे राहिले की तक्ता दगा देतो. माझे मत असे की पडक्या वाड्याची माडी आणि जिना वर्ज्यच करावा. चौक, ओसरी आणि दिंडी दरवाजा एवढ्यात दोन मिनिटांची सुरुवात उत्तम होते. आड किंवा विहीर असेल तर ती दोरी बांधून वेगळी करावी, आणि पाचोळ्यात, दगडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ठोकून, टॉर्चने पाहावे, कारण अशा जागी साप-विंचू असतातच. सगळ्यांच्या पायांत बूट असावेत, अभिनेत्रीच्याही; अनवाणी पावले दाखवायची असतील तर तेवढा शॉट घराच्या ओट्यावर घ्यावा.

तिसरा प्रश्न कॉल शीटचा. एका पानावर जागेचा पत्ता, पोहोचण्याची व पॅकअपची वेळ, सगळ्यांचे फोन क्रमांक, कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, आणि सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, एवढे लिहिलेले असले पाहिजे. त्याची प्रत आपल्याकडे असू द्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक त्यावर असावेत, आणि वाड्याच्या आत फोनला रेंज मिळते का ते रेकीच्या दिवशीच पाहिलेले असावे. चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : सुरक्षेखेरीज दुसरे कोणतेही काम नसलेला एक माणूस कोण आहे? दिग्दर्शक नको, कॅमेरामन नको, कारण त्यांना शॉट हवा असतो. "थांबा" म्हणण्याचा अधिकार ज्याला सगळ्यांसमक्ष दिलेला आहे असा एक विद्यार्थी, आणि त्याच्याबरोबर एखादे शिक्षक किंवा पालक असावेत. आपणच गेलात तरी चालेल. पोहे आणि चहा घेऊन गेलात तर आपले स्वागतच होईल.

आणि रात्रच कशाला हवी, हेही विचारा. सूर्यास्तानंतर आपल्याकडे साधारण वीस-पंचवीस मिनिटे आकाशात निळा उजेड उरतो. त्या वेळेत कंदील किंवा एखादा पिवळा दिवा चौकटीत ठेवून घेतलेला शॉट पडद्यावर रात्रीचा वाटतो आणि खऱ्या काळोखातल्या शॉटपेक्षा त्यात बरेच जास्त दिसते. दुपारभर तालीम केली आणि चार शॉट ओळीने लावून ठेवले, तर तेवढ्या मिनिटांत ते होतात. उरलेले आतले शॉट खिडक्यांना काळे कापड लावून भर दुपारी घेता येतात. मुलगी नऊच्या आत घरी येईल. रात्रभर जागून पहाटे दुचाकीवरून परतणारी, पेंगुळलेली मुले, हा अशा चित्रीकरणातला मोठा धोका आहे आणि तो कोणाच्याच तक्त्यात नसतो.

त्यांच्या कथेत लहान मूल असेल तर एक गोष्ट आणखी पाहा. व्यावसायिक चित्रीकरणात बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. विद्यार्थ्यांनी तोच स्वतःला लावून घ्यावा, आणि मुलाचे आई किंवा वडील जागेवर असल्याशिवाय कॅमेरा सुरू करू नये.

प्रश्न : आमचा चित्रपट गुन्हेगारीवर आहे. पहिल्याच शॉटमध्ये एक तरुण कोयता घेऊन गल्लीतून पळत येतो. कोयता पुठ्ठ्याचा आहे, त्यामुळे काही अडचण नाही ना? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : अडचण आहे. कोयता पुठ्ठ्याचा आहे हे तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरून पाहणाऱ्या आजींना, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला आणि गस्तीवरच्या पोलिसांना ते माहीत नाही. गेल्या काही वर्षांत पुणे परिसरात कोयत्याने दहशत माजवल्याच्या बातम्या इतक्या आल्या आहेत की लोक आधी घाबरतात आणि मग पाहतात. घाबरलेला जमाव तुमच्या अभिनेत्याला धरून मारेल, ही शक्यता गृहीत धरूनच आखणी करा. पोलीस आयुक्त वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेशही काढतात.

स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा आणि महाविद्यालयाचे पत्र सोबत जोडा. गल्लीऐवजी सोसायटीचे किंवा महाविद्यालयाचे बंद आवार घ्या, तिथल्या रहिवाशांना आदल्या दिवशी सांगा, आणि नकली हत्यार "ॲक्शन"च्या क्षणी हातात द्यायचे व "कट" होताच कापडात गुंडाळून परत घ्यायचे, एवढ्याच कामासाठी एक माणूस ठेवा. खरा कोयता, बोथट केलेलासुद्धा, आणू नका. २०२१ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू ज्या पिस्तुलाने झाला, त्यात खरी गोळी नाही असेच सेटवर सगळे समजत होते. रक्तासाठी साखरेच्या पाकात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घाला. दाट हवे असेल तर थोडे कॉर्नफ्लोअर. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका, फरशीवर सांडले की लगेच पुसा, कारण त्यावरून पाय घसरतो, आणि अभिनेत्याला त्याच शर्टाचे तीन जोड लागतील हे खर्चात धरा.

तुम्ही विचारलेले नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर पळणाऱ्या तरुणाच्या हातातले हत्यार दाखवलेच नसते. दारे-खिडक्या एकामागून एक बंद होताना दाखवली असती.

प्रश्न : ट्यूबलाइटखाली घेतलेल्या शॉटमध्ये काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसतात. कॅमेरा बिघडला आहे का? दुसरे असे की आम्हाला प्रत्येकी एक हजार वॅटचे दोन हॅलोजन भाड्याने मिळत आहेत. ते घरातल्या प्लगवर चालतील का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम्सवर, म्हणजे ३० चित्रांवर, लावलेला असतो आणि त्याचा शटर या चढउताराशी जुळत नाही. २५ फ्रेम्स आणि शटर १/५० सेकंद ठेवा, पट्टे जातील. काही फोनमध्ये त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन "पाल" हा २५ फ्रेम्सचा प्रकार सुरू करावा लागतो. स्वस्त एलईडी दिव्यांचा लुकलुकाट मात्र याने नेहमीच जात नाही, म्हणून असा दिवा रेकीच्या दिवशीच लावून पाहा.

हॅलोजनचे उत्तर साध्या भागाकारात आहे. एक हजार वॅटला २३० ने भागले की साधारण ४.३ अँपिअर येतात. घरातला लहान प्लग ६ अँपिअरचा असतो, म्हणजे त्यावर एक दिवा चालतो आणि दुसरा चालत नाही. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर दोन्ही लावले तर वायर तापते, आणि ती गुंडाळी करून ठेवलेली असेल तर आतल्या आत वितळते. दिवे वेगवेगळ्या १६ अँपिअरच्या प्लगवर लावा, घराच्या वायरिंगची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या आणि वायरी चालण्याच्या वाटेवर आल्या तर टेपने जमिनीला चिकटवा. पडद्यापासून, लाकडापासून, थर्माकोलपासून हॅलोजन दूर ठेवा आणि विझवल्यावरही बराच वेळ त्याला हात लावू नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका अंगणातल्या चित्रीकरणात माझ्याकडे दिव्यांचे काम होते. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या होत्या. वारा नाही, पाच मिनिटांचा शॉट आहे, म्हणून मी ठेवल्या नाहीत. एका झुळुकीने दिव्यापुढच्या कापडाला शिडासारखे फुगवले आणि पेटलेला दिवा खाली आला. काच फुटून तिचे तुकडे जिथे उडाले, तिथे क्षणभरापूर्वी एक मुलगी संवाद पाठ करत बसली होती. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. तिची वही तिथेच राहिली होती, आणि तिच्या उघड्या पानावर काचेने पाडलेली भोके मला अजून दिसतात. पिशवी म्हणजे काय, जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात पाच किलो वाळू भरली की झाले. प्रत्येक स्टँडच्या पायावर एक, दर वेळी.

शक्य असेल तर हॅलोजन घेऊच नका. दुपारची खिडकी, तिच्यासमोर पांढरी चादर आणि दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोल, एवढ्यावर फार सुंदर चेहरे टिपता येतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा आणि फ्रिज बंद करायला विसरू नका, आणि फ्रिज बंद केलात की त्यात तुमच्या गाडीची किल्ली ठेवा; म्हणजे यजमानांचा फ्रिज पुन्हा सुरू केल्याशिवाय तुम्ही घरी जाऊ शकणार नाही.

प्रश्न : शीर्षके मराठीत हवी आहेत, पण संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. शिवाय पार्श्वसंगीत म्हणून एक जुने भावगीत वापरले तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : सॉफ्टवेअरच्या प्राधान्यक्रमांत (प्रेफरन्सेसमध्ये) मजकुराची पद्धत दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदलण्याची सोय बहुधा असते, ती बदलून पुन्हा टंकलेखन करा. तरीही तुटत असतील तर शीर्षक दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नीट लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र म्हणून आत आणा. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले "मुक्त" आणि "बालू" हे देवनागरी फाँट मुक्त परवान्याचे आहेत. हाताने लिहिलेली अक्षरे भिंतीवर, पाटीवर किंवा वहीत प्रत्यक्ष चित्रित केलीत तर सगळ्यात उत्तम.

भावगीत चालणार नाही. ते जुने असले तरी आपल्याकडे गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्यांच्या रचनेवरचा हक्क टिकतो आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क त्याच्या प्रकाशनापासून ६० वर्षे वेगळा असतो. गटातल्या कोणाला पेटी येत असेल तर चार स्वरांची स्वतःची ओळ वाजवा. ती ज्या खोलीत वाजवाल त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवा, संकलनात दोन तुकड्यांमधली जागा भरायला ती लागेल.

शीर्षक पडद्यावर किती वेळ ठेवायचे याचे माप सोपे आहे. ते मनात सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत ठेवा. दिग्दर्शकाच्या नावाइतकाच वेळ वाळूच्या पिशव्या शिवणाऱ्याच्या नावालाही द्या.